पाच पिनांच्या सॉकेटचा घोळ

महोदय,

आपल्या पुरवणीत जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझर एकमेकांना कसे जोडावेत यावर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयाला कोणी हात घातला हेच विशेष. पण त्यातले दोन सल्ले तसेच राहू देणे बरे नव्हे. मागे पाच पिनांचे गोल सॉकेट दिसले की कुठलीही मिडी केबल (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना स्वर आणि ताल कळवायची डिजिटल पद्धत) लावा, हा एक. आणि जोडल्यावर स्पीकरमधून हमिंग येऊ लागले तर पॉवर प्लगची अर्थची पिन काढून टाका, हा दुसरा. पहिल्यापायी फार तर पैसे आणि वेळ जातो. दुसऱ्यापायी जीव जाऊ शकतो, म्हणून आधी त्याचे बोलू.

चाळीस वर्षे जुन्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन कधी दगा देईल सांगता येत नाही. लाइव्ह वायर लोखंडी बॉडीला टेकली तर फ्यूज उडवणारा रस्ता एकच, अर्थचा. तो तोडला की बॉडी मेन्सच्या व्होल्टेजवर तशीच उभी राहते आणि करंट ऑडिओ केबलच्या शील्डमधून नाहीतर वाजवणाऱ्याच्या हातातून वाट काढतो. हमिंग येते ते दोन यंत्रांच्या ग्राउंडला जोडणारे एकाहून जास्त रस्ते तयार झाल्यामुळे. त्यातला एक रस्ता तोडायचा हे खरे, पण तो सिग्नलच्या बाजूचा. ऑडिओ लाइनमध्ये १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, सगळी यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या आणि मग एकेक केबल उपसून पाहा. मिडी केबल काढून हमिंग थांबणार नाही, कारण मिडीच्या इनपुटला ऑप्टोकपलर (संकेत प्रकाशाने पुढे देणारी, विजेचा थेट संपर्क तोडणारी चिप) असतो आणि तिथल्या सॉकेटची ग्राउंड पिन मुद्दाम मोकळी सोडलेली असते. डिन सिंक (यंत्रांचा ताल जुळवणारी जोडणी), डीसीबी (रोलँड कंपनीची मिडीआधीची डिजिटल जोडणी) आणि सीव्ही-गेट (स्वर सीव्हीच्या व्होल्टेजने आणि कळ गेटच्या तारेने सांगणारी जोडणी) या तिन्ही मात्र ग्राउंडला ग्राउंड थेट जोडतात. दोषी सापडतो तो बहुतेक वेळा यांच्यातच.

आता त्या गोल सॉकेटकडे. रोलँडने १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर ताल जुळवण्यासाठी हे पाच पिनांचे डिन सॉकेट वापरले. १९८३ च्या जानेवारीत नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे सिंथ एकमेकांना जोडून दाखवले गेले ते मिडीवर, आणि मिडीनेही हेच सॉकेट उचलले. बाहेरून दोन्हींत काडीचा फरक नाही. आतली वाटणी मात्र पार वेगळी. डिन सिंकमध्ये पिन १ वर स्टार्ट-स्टॉप असतो: यंत्र थांबलेले असताना ० व्होल्ट, चालू असताना ५ व्होल्ट. पिन २ ग्राउंड. पिन ३ वर क्लॉक, म्हणजे ताल मोजणारे विजेचे ठोके: एका बीटला २४ पल्स. पिन ४ आणि ५ काही यंत्रांत रीसेट आणि फिल-इनसाठी वापरल्या आहेत, बाकीच्यांत त्या रिकाम्या. मिडीत याच्या अगदी उलट: पिन ४ वर २२० ओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट येतात, पिन ५ वरून साधारण ५ मिलिअँपिअरचा करंट चालू-बंद होतो, पिन २ ला शील्ड आणि पिन १ व ३ रिकाम्या.

इथे एक सापळा आहे. या पिनांचे क्रमांक ओळीने नाहीत. एका कडेपासून मोजत गेलो तर क्रम १, ४, २, ५, ३ असा येतो. लक्षात ठेवायला सोपे सूत्र असे: कडेच्या दोन पिना सिंकच्या, आतल्या दोन मिडीच्या, मधली दोघांची. प्लगच्या प्लॅस्टिकवर, सोल्डर करायच्या बाजूला, बारीक आकडे कोरलेले असतात. भिंग लावून ते वाचावेत, अंदाजाने मोजू नये.

मिडीला कडेच्या दोन पिना लागतच नाहीत म्हणून बाजारात मिळणाऱ्या कित्येक मिडी केबलींत त्या जोडलेल्याच नसतात. अशी केबल ८०८ आणि रोलँडचा बास सिंथ टीबी-३०३ यांच्यामध्ये लावली तर ग्राउंड पोहोचतो, क्लॉक पोहोचत नाही, स्टार्टही पोहोचत नाही. ३०३ ढिम्म. मग मालक समजतो की यंत्र बिघडले आणि धडधाकट यंत्र दुरुस्तीच्या टेबलावर येऊन पडते. केबल बदलली की चालू. आधीच सोल्डरिंग गनने खरवडलेले बोर्ड मात्र पूर्वीसारखे होत नाही.

तेव्हा केबल लावण्यापूर्वी मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकांच्या पाचही पिना एकास एक तपासा. नंतर शेजारशेजारच्या पिनांत शॉर्ट नाही ना ते पाहा. जुन्या टेपरेकॉर्डरच्या डिन केबली दिसायला हुबेहूब अशाच असतात, पण त्यांतल्या काहींच्या तारा आत उलटसुलट जोडलेल्या असतात. एका टोकाची पिन १ दुसऱ्या टोकाला भलतीकडेच बीप देत असेल तर ती केबल बाजूला ठेवा. प्लगचे बाहेरचे धातूचे कवच पिन २ शी जोडलेले नसावे. तसे असेल तर मिडी इनपुटला मोकळा सोडलेला ग्राउंड कवचातून मागच्या दाराने परत येतो आणि ऑप्टोकपलरचा फायदा गेला.

केबल घरी बनवणे अवघड नाही आणि आमच्या मते तेच शहाणपणाचे. चार कोअरची शील्ड असलेली केबल घ्या, म्हणजे पिन १, ३, ४, ५ ला एकेक कोअर आणि पिन २ ला शील्ड, आणि तीच केबल सिंकला व मिडीला दोन्हीकडे चालते. प्लगची टोपी आणि रबरी शेपूट केबलवर आधीच ओवून ठेवा, नाहीतर सगळे सोल्डर झाल्यावर परत सोडवावे लागते. कोअर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सोलू नका, टोकाला आधी कथील चढवा आणि पिनेच्या खोबणीतही थोडे कथील भरून घ्या. प्लगचे प्लॅस्टिक उष्णतेने लगेच मऊ पडते आणि पिना तिरक्या होतात. त्यावर हमखास इलाज म्हणजे एका फालतू सॉकेटमध्ये प्लग खोचून मगच सोल्डर करणे. सॉकेट पिनांना जागेवर धरून ठेवते आणि उष्णताही ओढून घेते. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास, एका पिनेला दोन सेकंद, त्याहून जास्त नाही. शील्डच्या पिळलेल्या तारांवर स्लीव्ह चढवायला विसरू नका. प्लग बंद केल्यावर शॉर्ट निघतो तो तिथेच. सिंकची केबल दोन-तीन मीटरच्या आत ठेवावी. मिडीची मर्यादा १५ मीटर आहे, पण ती करंट लूपमुळे, म्हणजे तिथला संकेत करंटने जातो म्हणून. सिंक हे साधे व्होल्टेज आहे, लांब केबलीच्या कपॅसिटन्समुळे त्याच्या पल्सच्या कडा बोथट होतात.

केबल बरोबर असूनही काम होत नसेल तर आधी स्विच पाहा. ८०८ वर आणि टीआर-६०६ वर सिंकचे सॉकेट एकच असते आणि शेजारच्या स्विचने ते इन की आउट ते ठरते. दोन्ही यंत्रे आउटवर ठेवून जोडली तर दोन आउटपुट एकाच तारेवर एकमेकांशी झुंजतात. एक ५ व्होल्ट देऊ पाहतो, दुसरा ० वर ओढतो. लगेच काही जळत नाही, पण तसेच तासन्‌तास चालू ठेवणे चिप्सना मानवणारे नाही. स्विच आधी, केबल नंतर. ३०३ चे सॉकेट फक्त घेणारे आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. देणारे यंत्र खरेच देते आहे का हे पाहायचे तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून पिन २ आणि १ मध्ये मोजा. थांबलेले असताना शून्य आणि स्टार्ट दाबताच ५ च्या आसपास यायला हवे. चालू असताना पिन ३ वर ५ पेक्षा बराच कमी आणि थरथरणारा आकडा दिसेल, कारण मीटर पल्सची सरासरी दाखवतो. आकडा थरथरतो म्हणजे क्लॉक येतो आहे.

ताल चालतो पण वेग चुकतो, ही दुसरी तक्रार. रोलँडचे २४ पल्स सगळ्यांनी मानले नव्हते. कॉर्गने ४८ चा हिशेब धरला, लिनड्रमही ४८ वर, ओबरहाइमचा डीएमएक्स ९६ वर. कॉर्गचा क्लॉक रोलँडला दिला तर रोलँड दुप्पट धावतो. उलट दिला तर कॉर्ग निम्म्या वेगाने रांगतो. जास्तीचे पल्स कमी करणे सोपे आहे. सीडी-४०१३ या एका चिपमध्ये दोन फ्लिप-फ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारी सर्किटे) असतात. प्रत्येकाचा क्यू-बार आउटपुट त्याच्याच डी इनपुटला जोडला की तो दोनने भागतो. ४८ चे २४ करायला एक पुरे. ९६ चे २४ करायला पहिल्याचा क्यू दुसऱ्याच्या क्लॉकला द्या. सेटच्या पिना ग्राउंडला बांधा, आणि एकच फ्लिप-फ्लॉप वापरत असाल तर उरलेल्याचे सगळे इनपुटही. सीमॉस जातीच्या चिपचा इनपुट मोकळा सोडला की तो हवेतला हमिंगही क्लॉक समजतो. वापरात असलेल्या फ्लिप-फ्लॉपची रीसेटची पिन मात्र ग्राउंडला बांधू नका. तिथे स्टार्ट-स्टॉपची लाइन इन्व्हर्टरमधून उलटी करून द्या, म्हणजे यंत्र थांबलेले असताना दोन्ही फ्लिप-फ्लॉप शून्यावर राहतील आणि स्टार्टनंतरचा पहिलाच पल्स पलीकडे जाईल. हे केले नाही तर दर वेळी मोजणी भलत्याच पल्सपासून सुरू होते. वेग बरोबर असूनही एक यंत्र दुसऱ्याच्या किंचित मागे पडते आणि ते का पडते हे शोधण्यात संध्याकाळ जाते. पल्स वाढवणे, म्हणजे २४ चे ४८ करणे, एवढे सरळ नाही. मधला पल्स कधी यायचा हे आधीच्या अंतरावरून ओळखावे लागते, तिथे मायक्रोकंट्रोलरच लागतो.

नव्या कंट्रोलरमधून किंवा कॉम्प्युटरच्या इंटरफेसमधून डिन सिंक काढणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सतावते. आजच्या चिप्स ३.३ व्होल्टवर चालतात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या सीमॉस इनपुटला वर गेल्याची खात्रीची खूण पटायला ३.५ व्होल्ट लागतात. त्यामुळे एक यंत्र ऐकते, दुसरे ऐकत नाही, तिसरे गरम झाल्यावर ऐकू लागते. मध्ये ७४एचसीटी१२५ हा बफर ५ व्होल्टवर चालवून टाका. तो २ व्होल्टलाच वरचा संकेत मानतो आणि पुढे पूर्ण ५ देतो. चिपचे नाव घेताना ‘एचसीटी’ हवे, नुसते ‘एचसी’ चालत नाही. दुसरे म्हणजे स्टार्टची लाइन वर गेल्यानंतर काही मिलिसेकंदांनी पहिला पल्स यावा. दोन्ही एकाच क्षणी आले तर जुने यंत्र पहिला पल्स चुकवते आणि शेवटपर्यंत एका पल्सने मागे राहते. १२० च्या टेम्पोला दोन पल्समध्ये २०.८ मिलिसेकंदांचे अंतर असते. कानाला ते चांगलेच कळते.

एवढा खटाटोप कशाला, मिडीचाच क्लॉक घ्यावा, असे वाटू शकते. मिडीतही एका बीटला २४ च क्लॉक असतात. पण ते स्वरांच्या माहितीसोबत एकाच तारेवरून, रांगेने जातात. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट १० बिटांचा, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद, आणि एका स्वराचे तीन बाइट जवळपास एक मिलिसेकंद खातात. सहा स्वरांची कॉर्ड सहा मिलिसेकंदांच्या घरात जाते. क्लॉकचा बाइट मध्ये घुसू शकतो, पण पाठवणाऱ्याने तशी शिस्त पाळली तरच. डिन सिंकला स्वतःची तार आहे, तिथे रांग नाही. ८०८ आणि ३०३ ची जोडी जी घट्ट वाजते ती यामुळे. मिडी आणि सिंक दोन्ही हवे असतील तर १९८३ चा टीआर-९०९ दोन्हींच्या मधोमध ठेवा. त्याला दोन्ही सॉकेटे आहेत आणि तो मिडीवर चालत असताना पलीकडे सिंक देतो.

आपल्या लेखात डीसीबीचा उल्लेख नव्हता, पण रोलँडचा १९८२ चा ज्युनो-६० हा सिंथ ज्यांच्याकडे आहे त्यांची सगळी अडचण तिथेच आहे. ज्युनो-६० ला मिडी नाही. मागे चपटे १४ पिनांचे सॉकेट आहे, जुन्या प्रिंटर केबलीच्या जातीचे. रोलँडची डिजिटल कम्युनिकेशन बस ती हीच. मिडीच्या आधीची ही रोलँडची स्वतःची पद्धत ज्युपिटर-८ च्या नंतरच्या यंत्रांवरही आहे. ज्युनो-६ वर मात्र ते सॉकेटच नाही, दोन्ही भाऊ दिसायला सारखे असल्याने घेताना मागची बाजू पाहून घ्यावी. डीसीबीला ज्युनो-६० वर कोणती कळ दाबली आणि कोणती सोडली एवढेच कळते. दाब किती जोराचा हे तिला कळत नाही, त्यामुळे मिडी कीबोर्डवरून कितीही हळुवार वाजवा, आवाज एकाच जोराचा येणार. हा बिघाड नव्हे. आवाज बदलायचे तर बटणे हातानेच दाबायची.

मिडीपासून डीसीबीकडे जायला रोलँडचा एमडी-८ हा कन्व्हर्टर होता. एमएसक्यू-७०० या सीक्वेन्सरवरही (सुरावट साठवून वाजवणारे यंत्र) दोन्ही सॉकेटे आहेत. आता नवे लहान कन्व्हर्टरही मिळतात. कोणताही वापरा, एक पथ्य पाळा: दोन्ही यंत्रे बंद करूनच प्लग घाला आणि बंद करूनच काढा. इथे मध्ये ऑप्टोकपलर नाही, तारा जवळजवळ थेट चिपच्या पायांना जातात. दोन तारांच्या मेन्स वायरवर चालणाऱ्या यंत्राची बॉडी फिल्टर कपॅसिटरमुळे जमिनीच्या तुलनेत बऱ्याच व्होल्टवर तरंगत असते. हाताला मुंग्या येतात त्या यानेच. प्लग घालताना ग्राउंडच्या आधी डेटाची पिन टेकली तर ते सगळे व्होल्टेज त्या एका पायातून जाते. म्हणून आधी ऑडिओ केबल जोडून ग्राउंड एक करावेत, मग डीसीबी, आणि सर्वांत शेवटी पॉवर. प्लगच्या दोन्ही बाजूंच्या तारेच्या कड्या अडकवल्याशिवाय सोडू नका. अर्धवट बसलेला प्लग एखादा स्वर अडकवून ठेवतो आणि दोष कन्व्हर्टरच्या माथी येतो. रिबन केबल क्रिंप करताना लाल कडेची तार कुठल्या पिनेवर आहे ते दोन्ही टोकांना पाहा. पाठवणारी आणि घेणारी तार कुठे अदलाबदल करायची ते दोन्ही यंत्रांच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील पिनांच्या तक्त्यावरून ठरवावे, कोणाच्या तोंडी माहितीवरून नाही.

ज्यांना फक्त ज्युनो-६० चा आर्पेजिएटर (कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवणारी सोय) ड्रम मशीनच्या तालात बसवायचा आहे त्यांनी डीसीबीच्या वाटेला जाऊच नये. त्यासाठी मागे आर्पेजिओ क्लॉक इन नावाचा साधा जॅक आहे, एका पल्सला एक पाऊल. ८०८ च्या मागे ट्रिगर आउटचे तीन जॅक आहेत, त्यातल्या काउबेलच्या जॅकमधून एक साधी मोनो केबल आणली की झाले. जिथे काउबेल लिहिली तिथे आर्पेजिओ सरकतो. काउबेलचा आवाज नको असेल तर तिचा लेव्हल शून्य करा, ट्रिगर येतच राहतो. रोलँडच्याच एसएच-१०१ या सिंथच्या क्लॉक इनलाही हेच लागू. आमच्या मते जुन्या यंत्रांच्या जोडण्यांत याच्याइतकी सोपी आणि भरवशाची जोडणी दुसरी नाही, आणि हिच्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिले जाते.

ओबरहाइमच्या ओबी-एक्सए आणि ओबी-८ वरचे ३७ पिनांचे सॉकेट त्यांच्या डीएसएक्स सीक्वेन्सरसाठी आहे. तिथे डेटा ओळीने नव्हे, अनेक तारांवरून एकदम जातो. डीएसएक्स जवळ नसेल तर त्याला हात लावू नका.

सीव्ही-गेटबद्दल लेखात ‘व्होल्टेज वाढले की स्वर वाढतो’ एवढेच होते. वाढतो, पण किती? मूग, रोलँड, एआरपी, सीक्वेन्शियल यांच्याकडे एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे एका अर्ध्या स्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. कॉर्गचा एमएस-२० आणि यामाहाचे सीएस-१५ सारखे सिंथ यांच्याकडे सप्तक चढायला व्होल्टेज दुप्पट व्हावे लागते: १, २, ४, ८. पहिल्या जातीचा कीबोर्ड दुसऱ्या जातीच्या सिंथला लावला तर एक व्होल्टवरून दोनवर जाताना बरोबर सप्तक ऐकू येते आणि माणूस निर्धास्त होतो. मग दोनवरून तीनवर जाताना ‘सा’चा ‘प’च होतो, आणि तीनवरून चारवर ‘सा’चा ‘म’. ट्यूनिंगचा स्क्रू कितीही फिरवा, हे सुधारत नाही. मिडीवरून सीव्ही देणारा कन्व्हर्टरच दोन्ही पद्धती देणारा हवा.

गेटचेही तसेच. रोलँड आणि एआरपी कळ दाबल्यावर व्होल्टेज वर नेतात. मिनिमूग आणि एमएस-२० यांना उलट हवे: कळ दाबली की तार ग्राउंडला टेकली पाहिजे. साधा गेट यांना थेट दिला तर कळ सोडलेली असताना तारेवर शून्य, म्हणजे त्यांच्या लेखी कळ दाबलेली. स्वर सारखा वाजत राहतो आणि कळ दाबल्यावर थांबतो. याला एक ट्रान्झिस्टर पुरतो. २एन३९०४ चा एमिटर ग्राउंडला, कलेक्टर मिनिमूगकडे जाणाऱ्या तारेला, आणि गेट १० किलोओहममधून बेसला. ५ व्होल्टच्या गेटला बेसमध्ये ०.४ मिलिअँपिअर जातो, तेवढ्यात तो पुरेपूर चालू होतो. काही यंत्रांचा गेट शून्याखाली उणे जातो. त्यासाठी बेस आणि एमिटरमध्ये १एन४१४८ डायोड, त्याची पट्टीची बाजू बेसकडे. हे सगळे प्लगच्या टोपीत मावते. बीसी-५४७ लावणार असाल तर जपून. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर ३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर असे. मिनिमूगचा ट्रिगरचा प्लग दोन चपट्या पात्यांचा आहे, एक रुंद आणि एक अरुंद. त्याच्याऐवजी जॅक बसवण्यासाठी पॅनेलला भोक पाडू नये ही विनंती.

सीव्हीच्या तारेबद्दल एक हिशेब देतो, कारण ट्यूनिंगच्या निम्म्या तक्रारी त्यात आहेत. बऱ्याच आउटपुटना आत १ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि सिंथच्या इनपुटचा भार १०० किलोओहम. दोन्ही मिळून व्होल्टेजचा जवळपास एक टक्का खातात. एका सप्तकात १२०० सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), म्हणजे दर सप्तकाला १२ सेंट उतरतात. तीन सप्तके वर गेल्यावर स्वर ३६ सेंटने बेसूर. वाय केबलने तोच सीव्ही दोन सिंथना दिला की चूक दुप्पट होते, आणि एक सिंथ काढला की दुसऱ्याचे ट्यूनिंग हलते. उपाय दोन: बफर असलेला मल्टिपल (एक सिग्नल अनेकांना वाटणारी पेटी) वापरा, किंवा सगळे जोडून झाल्यावर, सिंथ अर्धा तास गरम होऊ दिल्यावरच कन्व्हर्टरचा स्केल ट्रिमर फिरवा. खालचा स्वर ऑफसेटने, वरचा स्केलने, आणि दोन्ही जुळेपर्यंत आळीपाळीने. कन्व्हर्टर घेताना त्याचा डीएसी (आकड्याचे व्होल्टेज करणारी चिप) किती बिटांचा ते विचारा. ० ते १० व्होल्टच्या पट्ट्यात १२ बिटांची एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची, म्हणजे सुमारे तीन सेंटची येते. एकट्या सुरावटीला चालते, दोन सिंथ एका स्वरात वाजवायचे तर १६ बिट घ्यावेत.

राहिली खुद्द मिडी. आउटपुट जिवंत आहे की नाही हे कळायला एक एलईडी पुरतो. लांब पाय पिन ४ मध्ये, आखूड पिन ५ मध्ये, आणि कळ दाबा. लुकलुकला तर आउटपुट ठीक. करंट मर्यादेत ठेवणारे रेझिस्टर यंत्रातच आहेत. रोलँड आणि यामाहाची बरीच यंत्रे काहीही न वाजवता सेकंदाला तीन-चारदा अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंगचा, म्हणजे जोडणी शाबूत आहे हे सांगणारा, बाइट पाठवतात, तेव्हा एलईडी आपोआप मिणमिणला तर दचकू नका. इनपुट बहिरे झाले असेल तर ऑप्टोकपलर म्हातारा झालेला असू शकतो. जुन्या यंत्रांत शार्पचा पीसी-९०० असतो, त्याच्या जागी एच११एल१ बसतो. सॉकेट बसवून त्यात चिप लावावी. थ्रूमधून (आलेला संकेत जसाच्या तसा पुढे देणारे सॉकेट) थ्रू काढत तीन-चार यंत्रांपलीकडे जाऊ नये. दर टप्प्यावर पल्सची रुंदी थोडी बदलते आणि शेवटच्या यंत्राचे स्वर अडकू लागतात. एका इनपुटच्या अनेक प्रती देणारा थ्रू बॉक्स घेतला की प्रश्न मिटतो. आणि प्रॉफेट-६०० सारखी सुरुवातीची यंत्रे चालू केल्यावर ऑम्नीमध्ये येतात, म्हणजे कोणत्याही चॅनेलवरचे सगळे वाजवतात. ती साखळीत मध्ये न ठेवता थ्रू बॉक्सच्या स्वतंत्र तारेवर ठेवावीत आणि त्या तारेवर बाकीचे चॅनेल जाऊ देऊ नयेत.

जपानमधून आलेले यंत्र असेल तर कुठलीही केबल लावण्याआधी मागचे लेबल वाचा. १०० व्होल्ट लिहिले असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापाल आणि अर्थच्या पिनेबद्दलचा सल्ला स्पष्ट शब्दांत मागे घ्याल, अशी अपेक्षा आहे. सोबत पाच पिनांचे चित्र देणार असाल तर ते सॉकेटच्या समोरून काढले आहे की प्लगच्या सोल्डरच्या बाजूने, हे चित्राखाली अवश्य लिहावे. सॉकेटचे समोरून काढलेले चित्र आणि प्लगचे समोरून काढलेले चित्र एकमेकांच्या उलट असते, आणि चुकीचे धरले तर १ च्या जागी ३ आणि ४ च्या जागी ५ येते.

आपले,
जुन्या सिंथेसायझरांची दुरुस्ती करणारे दोन वाचक